बहीन आला का?

मराठी विनोदाचं पोट गेली कित्येक वर्षं दुसऱ्याच्या व्याकरणावर भरत आलेलं आहे. नाटकात गुजराती शेटजी आला, की लेखकाला पाच मिनिटं सुटी. कानडी अण्णा आला, की आणखी पाच. त्यांनी 'मी आली' आणि 'ती गेला' म्हणायचं आणि आपण खुर्चीतून खाली पडायचं. विनोदाच्या बाजारात इतका स्वस्त माल दुसरा नाही. माझी तक्रार दराबद्दल नाही. तक्रार एवढीच, की प्रेक्षक हा माल घरी घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या टेबलावर मांडून बसतो.

अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' घ्या. १९६२ सालचं नाटक, माधव काझी प्रकरणावरून सुचलेलं, प्रभाकर पणशीकरांनी हजारो प्रयोगांनी गाजवलेलं. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे कानडी वळणाच्या मराठीत बोलतो आणि साक्षीदारांची उलटतपासणी स्वतःच घेतो. प्रेक्षक त्याच्या मराठीला हसतात. अत्रे बहुधा प्रेक्षकांना हसत असावेत! कारण त्या कोर्टात सगळ्यांत तल्लख माणूस तोच, आणि मोडकं बोलणारा माणूस भोळाच असायचा, या आपल्या समजुतीवर तर त्याचा बचाव उभा आहे. आपण टाळ्या भरपूर वाजवल्या. ही मेख मात्र थिएटरातच ठेवून आलो.

पुढे १९९३ साली दूरदर्शनवर 'जबान संभाल के' आली. इंग्लंडातल्या १९७७च्या 'माइंड युअर लँग्वेज' या मालिकेचं हे हिंदी रूप. पंकज कपूर परभाषिकांचा हिंदीचा वर्ग घ्यायचा. त्याचं काम झकासच, वाद नाही. पण इथं अत्र्यांची ती मेख नाही. विद्यार्थ्यानं चुकीचं विचारायचं, मास्तरनं कपाळाला हात लावायचा, हशा पिकला की प्रश्नाचं काम संपलं. टीव्हीवर ते ठीक आहे, तिथं कोणाला घरी जायची शेवटची एसटी गाठायची नसते.

आमच्या पोंभुर्ण्याकडे मात्र असते. या जंगलपट्टीत मराठी ही कित्येकांची दुसरी, नाही तर तिसरी भाषा. घरी गोंडी, बाजारात झाडीबोली. दक्षिणेला राजुरा-सिरोंच्याकडे तेलुगू, वैनगंगेपलीकडे मुलचेऱ्याकडे बंगाली. बँकेतल्या स्लिपा तीन भाषांत छापलेल्या असतात : इंग्रजी, हिंदी आणि मराठी. २०११च्या जनगणनेत ३० लाखांच्या घरात माणसं असलेली गोंडी त्यात नाही; ती घटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. हिंदीवाल्यांनी पैसे काढण्याला 'आहरण' असा शब्द योजला आहे. जंगलातल्या माणसानं त्याचा संबंध हरणाशी लावला, तर चूक कोणाची?

२०२४ साली लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १,५०० रुपये. त्याच हंगामात एका काउंटरवर मी हा संवाद ऐकला. एका गोंड बाईनं पासबुक पुढं सरकवलं आणि विचारलं, "बहीन आला का, बाबू?"

"कोणाची बहीण?" काउंटरमागून प्रश्न आला. रांग हसली. लखोबाचा प्रयोग फुकटात!

वास्तविक वाक्यात न समजण्यासारखं काय होतं? गोंडीत नामांचे दोन वर्ग : एक पुरुषांचा, दुसरा बाकी सगळ्यांचा. बाई, बैल आणि पासबुक तिथं एकाच रांगेत उभे राहतात. तिथून मराठीत यायचं तर तीन लिंगं, आणि त्यांना ना शेंडा ना बुडखा. चेक पुल्लिंगी, स्लिप स्त्रीलिंगी आणि खातं नपुंसक का, हे मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही. बाईंनी 'बहीन आला' म्हटलं, ते निदान दोन भाषा ओलांडून म्हटलं. आपल्यातले किती जण गोंडीत एक चुकीचं वाक्य तरी बोलू शकतील?

असो. उत्तर पुढीलप्रमाणे मिळालं : "नीट बोला ना, बाई." (नीट येत असतं, तर ती हौसेनं मोडकं बोलत होती काय?) मग तेच वाक्य पुन्हा, दुप्पट आवाजात, भाषा कळत नाही म्हणजे कानानं कमी, असा आपल्याकडे एक सिद्धांत आहे. शेवटी पासबुक छापून परत : "नाही आला. पुढचे."

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं. त्या खात्यात पैसे नव्हतेच. पण असे सरकारी पैसे आधार ज्या खात्याशी जोडलेलं असेल, त्यातच पडतात, आणि २०१४च्या जनधनपासून एकेका बाईची दोन-दोन खाती झाली आहेत. मोडक्या प्रश्नाला दिलेल्या त्या शुद्ध उत्तरानं बाई मजुरी बुडवून घरी निघाली होती. रांगेतल्या बचत गटाच्या एका पोरीनं तिला हात धरून थांबवलं. "मावशी, दुसरा पासबुक हाय का घरी?" होता. म्हणजे होतं. त्या पोरीनं व्याकरण सुधारलं नाही, आवाज चढवला नाही. सहा शब्द विचारले.

उत्तर देणाऱ्यांना वाटतं, की समोरच्याचा प्रश्न स्पष्ट झाला की आपलं काम सुरू होतं. मला वाटतं, स्पष्ट झाला तिथं अर्धंअधिक काम उरकलेलं असतं. जो तेवढं करतो त्याला पगार द्यावा, बाकीचं यंत्रही करील.

'नीट बोला' म्हणणाऱ्या याच गृहस्थांचा पासबुक छापायचा प्रिंटर पुढं एकदा बिघडला. तक्रार इंग्रजीत पाठवावी लागते. त्यांनी लिहिलं, 'प्रिंटर इज नॉट टेकिंग पासबुक. इट इज टेकिंग अँड थ्रोइंग.' तिकडे चेन्नईचा कोणी तमिळ इंजिनिअर बसला होता. इंग्रजी त्याचीही नव्हे, यांचीही नव्हे. त्यानं 'नीट लिहा' असं कळवलं नाही. त्यानं विचारलं, 'थ्रोइंग फ्रंट साइड ऑर बॅक साइड?'

यांनी लिहिलं, 'फ्रंट साइड.' तीन वाजेपर्यंत प्रिंटर सुरू झाला.