वकिलाची वाणी आणि विधायकाची वाणी

वकिलाच्या बोलण्यातील सत्यासत्य पारखण्याची सोय न्यायालयात आधीच केलेली असते. विधानाला पुरावा लागतो, साक्षीदाराची उलटतपासणी होते आणि निर्णय न्यायाधीशाच्या हाती असतो. उज्ज्वल निकम यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन या संदर्भात करणे उचित ठरेल. कारण त्यांची कीर्ती काही अंशी न्यायालयात, तर काही अंशी न्यायालयाबाहेर वार्ताहरांसमोर घडली आहे.

निकम यांचा जन्म १९५३ साली जळगावी झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी तेथेच सरकारी वकिलीस आरंभ केला. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या खटल्याने त्यांचे नाव खानदेशाबाहेर पोहोचले. २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात ६ मे २०१० रोजी कसाबला फाशीची शिक्षा झाली. ती उच्च न्यायालयाने आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. तीन न्यायालयांत टिकलेली ही बाजू त्यांच्या वकिलीचे सर्वांत भक्कम प्रमाण होय.

न्यायालयाबाहेरील वाणीस मात्र अशी कसोटी नव्हती. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याचे वृत्त त्यांच्याच तोंडून पसरले होते. ते आपण रचले होते, असे त्यांनी स्वतःच २०१५ साली जयपूर येथे सांगितले. आरोपीविषयी निर्माण होऊ लागलेली सहानुभूती मोडण्याचा त्यामागे हेतू होता, असे त्यांचे म्हणणे. कटाचा पुरावा समजण्यास अनेक पाने वाचावी लागतात. पदार्थाचे नाव ऐकताच उमगते. म्हणूनच तो शब्द राजकीय भाषणांत रूढ झाला आणि खुलाशानंतरही लोकांच्या तोंडी राहिला.

२०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीत निकम पराभूत झाले. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. जळगावातच वकिली केलेल्या प्रतिभा पाटील यांचा राजकीय प्रवास १९६२ साली विधानसभेच्या निवडणुकीने सुरू झाला होता. मतदारांस उत्तर देणे त्यांस भाग होते. नियुक्त सदस्यावर ते बंधन नाही. शिवाय संविधानाच्या १०५ व्या अनुच्छेदानुसार संसदेत केलेल्या भाषणाबद्दल कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही.

हे संरक्षण निर्भयपणे बोलता यावे म्हणून आहे. जेथे उलटतपासणी नाही, तेथे प्रतिपक्षाच्या वकिलाने जो पुरावा मागितला असता, तो वक्त्याने स्वतःकडेच मागितला पाहिजे. निकम यांच्या संसदीय कार्याची परीक्षा याच निकषावर व्हावी. सरकारी वकील म्हणून त्यांनी मिळविलेल्या यशाने ती आपोआप उत्तीर्ण होत नाही.