संथ क्वेरी आणि अंदाजाचे गणित

एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा आता बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांनाही शिकवली जाते. या भाषेत आपण फक्त काय हवे ते सांगायचे. ते कसे शोधायचे हे यंत्रणेने ठरवायचे. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या कल्पनेतून ही भाषा घडली. पण कुशल प्रोग्रामरइतकी चांगली वाट यंत्रणा स्वतः निवडू शकेल का, अशी शंका त्या काळी अनेकांना होती. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत पॅट्रिशिया सेलिंजर आणि चार सहकाऱ्यांनी १९७९ साली अवघ्या बारा पानांच्या निबंधात तिला उत्तर दिले. क्वेरी संथ का होते हे समजून घ्यायचे तर तो निबंध आजही वाचावा, पण डोळसपणे, असे आम्हांला वाटते.

निबंधातील मूळ विचार सोपा आहे. एकाच उत्तराकडे अनेक वाटा जातात. सगळा तक्ता पहिल्या नोंदीपासून वाचता येतो, किंवा पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखा इंडेक्स वापरून नेमक्या जागी जाता येते. अनेक तक्ते जोडायचे असतील, तर कोणते आधी जोडावेत हाही प्रश्न असतो. डिस्कवरची किती पाने वाचावी लागतील आणि किती नोंदी हाताळाव्या लागतील, यांवरून लेखकांनी प्रत्येक वाटेचा खर्च काढला. सर्वांत स्वस्त वाट निवडायची.

पण अटीत किती नोंदी बसतील हे शोधल्याशिवाय कसे कळणार? म्हणून अंदाज आला. रकान्यावर इंडेक्स नसेल आणि 'अमुक इतकेच' अशी अट असेल, तर दहांतील एक नोंद मिळेल असे लेखकांनी धरले. 'याहून मोठे' या अटीसाठी हिशोब करता येत नसेल, तर तिनांतील एक. या दुसऱ्या आकड्याला फारसा अर्थ नाही, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. हा प्रामाणिकपणा आम्हांला मोलाचा वाटतो.

खरी अडचण 'आणि' या शब्दात आहे. समजा, एक लाख विद्यार्थ्यांच्या तक्त्यात दहा टक्के सातारा जिल्ह्याचे आणि एक टक्का कराड तालुक्याचे आहेत. 'जिल्हा सातारा आणि तालुका कराड' असे विचारले, की निबंधातील रीतीने दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार होतो. उत्तर १०० येते. पण कराडचा प्रत्येक विद्यार्थी साताऱ्याचाच असतो, म्हणून खरे उत्तर १,०००! शंभर नोंदींसाठी स्वस्त ठरलेली वाट हजारांसाठी महाग पडू शकते. पुढे आणखी तक्ते जोडले, की चुकीला चूक गुणत जाते. विक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली चित्रपटांच्या खऱ्याखुऱ्या माहितीवर अनेक डेटाबेस तपासले, तेव्हा जोडलेले तक्ते वाढतील तसे अंदाज अधिकाधिक चुकत गेल्याचे दिसले.

यात दोष कोणाचा? दोन रकान्यांतील मूल्ये परस्परांशी निगडित नाहीत हे गृहीतक सेलिंजर यांनी स्पष्टपणे नोंदवले होते. आमचा आक्षेप आहे तो शिकवण्याच्या पद्धतीवर. क्वेरी लिहून घेतली जाते, उत्तर तपासले जाते. यंत्रणेने कोणती वाट घेतली हे क्वचितच पाहिले जाते. मग क्वेरी संथ झाली, की 'इंडेक्स घाला' हा एकच उपाय सुचतो. पण प्रत्येक नवी नोंद घालताना प्रत्येक इंडेक्सही सुधारावा लागतो, आणि तक्त्यातील बहुतेक नोंदी हव्या असतील तर इंडेक्सचा उपयोगच नसतो. आधी निदान, मग औषध, हा क्रम हवा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ' ही आज्ञा क्वेरी चालवून प्रत्येक टप्प्यावर अंदाजे किती आणि प्रत्यक्षात किती नोंदी मिळाल्या ते दाखवते. जिथे दोन आकड्यांत मोठी तफावत, तिथून तपास सुरू करावा. दोन रकाने निगडित आहेत हे यंत्रणेला कळवण्याची सोयही २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून आहे.

संगणक नसला तरी हा पाठ घेता येतो. वर्गात एसटीने येणारे किती आणि परगावचे किती, ते मोजा. दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार करून एसटीने येणारे परगावचे विद्यार्थी किती असावेत ते फळ्यावर मांडा. मग हात वर करायला सांगा आणि फरक का पडला, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.