झाडाखालची बैठक आणि पुराव्याचं वजन

'निसर्गात गेलं की बरं वाटतं.' या वाक्याला कुणी नाही म्हणेल का? बहुतेक नाही. आणि नेमकं म्हणूनच संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी अशा वाक्यापासून चार हात लांब उभं राहून त्याच्याकडे बघायला शिकलं पाहिजे. सगळ्यांना आधीच पटलेलं विधान कुणी तपासत नाही. ते एका लेखातून दुसऱ्या लेखात, तिथून अनुदानाच्या अर्जात आणि अर्जातून अहवालात जात राहतं. प्रत्येक मुक्कामाला ते थोडं थोडं फुगतं.

याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेत सापडतं. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं आणि संग्रहालयं निसर्गाशी जोडलेले कार्यक्रम करतात: पक्षीनिरीक्षण, उघड्यावरचं गोष्टवाचन, बियाण्यांची देवाणघेवाण. हे कार्यक्रम आखणाऱ्या कर्मचाऱ्यांनी स्वतःच एखाद्या बागेत किंवा रानवाटेवर जमायचं, चालत चालत अनुभव सांगायचे, असाही प्रकार आहे. म्हणजे बैठकच, पण हॉलऐवजी झाडाखाली. ग्रंथालयवाले आणि संग्रहालयवाले एकत्र कसे, असा प्रश्न पडला असेल. तिथे १९९६ च्या कायद्याने दोघांसाठी मिळून एकच केंद्रीय संस्था स्थापन झाली. अनुदानाचा एक मोठा रस्ता सामाईक, त्यामुळे अडचणीही बऱ्याच सामाईक.

अशा कार्यक्रमांतला सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे 'स्टोरीवॉक'. व्हरमाँट राज्यातल्या माँटपेलियर इथे २००७ साली ॲन फर्ग्युसन यांनी केलॉग-हबर्ड ग्रंथालयाच्या मदतीने तो उभा केला. चित्रपुस्तकाची पानं सुटी करायची, लॅमिनेट करायची आणि पायवाटेवर ठरावीक अंतराने लावायची. मूल एक पान वाचतं आणि पुढचं पान गाठायला चालू लागतं. पानं दोन्ही बाजूंनी छापलेली असतात, म्हणून एका पुस्तकाच्या किमान दोन प्रती लागतात. कल्पना साधी, खर्च बेताचा. माझी तक्रार या कल्पनेबद्दल नाही. तिच्या समर्थनार्थ जे पुरावे मांडले जातात, त्यांच्याबद्दल आहे.

'निसर्गाने आरोग्य सुधारतं' हे सांगताना वारंवार पुढे येणारे तीन आधार पाहू.

पहिला आधार रॉजर उलरिच यांचा १९८४ चा 'सायन्स'मधला शोधनिबंध. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांना विटांची भिंत. झाडंवाल्यांचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवस, भिंतवाल्यांचा ८.७० दिवस. त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्णांच्या जोड्या वय, लिंग वगैरे जुळवून लावल्या होत्या, म्हणजे अभ्यास विचारपूर्वक केलेला होता. पण हे रुग्ण खाटेवर पडून होते. ते बागेत गेले नव्हते, त्यांनी गोष्ट ऐकली नव्हती, शिवाय त्यांच्यात एकही लहान मूल नव्हतं. खिडकीतलं झाड आणि पायवाटेवरचं चित्रपुस्तक यांच्यात बरंच अंतर आहे. ते अंतर कुणीतरी संशोधनाने भरायला हवं, 'तद्वतच' या शब्दाने नाही.

दुसरा आधार रिचर्ड लूव्ह यांच्या २००५ च्या 'लास्ट चाइल्ड इन द वुड्स' या पुस्तकाचा. 'निसर्ग-अभाव विकार' ही संज्ञा त्यातूनच लोकांपर्यंत पोचली. लूव्ह यांनी स्वतःच सांगितलं आहे की हे वैद्यकीय निदान नाही. पण 'विकार' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डॉक्टर उभा राहतोच. एलिझाबेथ डिकिन्सन यांनी २०१३ च्या आपल्या लेखात या संज्ञेचीच चिकित्सा केली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: मुलं घरात बसतात हे वरचं लक्षण झालं, माणूस स्वतःला निसर्गापासून वेगळा का समजू लागला हा मूळ प्रश्न आहे, आणि ही संज्ञा त्याला बगल देते. संज्ञा उचलताना तिच्याबरोबर आलेली गृहीतकंही आपण उचलतो, हे यातून शिकण्यासारखं आहे.

तिसरा आधार मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास. 'आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवा' हा सल्ला तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल, तो इथून आला. इंग्लंडमधल्या १९,८०६ लोकांच्या सर्वेक्षणातली ही माहिती. नमुना दणदणीत आहे. पण सर्वेक्षण एकाच वेळचं, आणि आरोग्य लोकांनी स्वतःच सांगितलेलं. आता विचार करा: निसर्गात गेल्यामुळे माणसं ठणठणीत झाली, की ठणठणीत माणसंच बाहेर जास्त फिरतात? अशा मांडणीतून सहसंबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. हे नेट-सेटच्या तयारीत आपण सगळेच घोकतो. अहवाल वाचताना मात्र नेमके विसरतो.

तीनही आधार आपापल्या जागी मोलाचे आहेत. घोटाळा होतो तो त्यांची माळ ओवून 'म्हणून ग्रंथालयाने बागेत कार्यक्रम केला की मुलांचं आरोग्य सुधारतं' असा शेवट केला की. हा शेवट तिघांपैकी एकानेही काढलेला नाही.

'जाऊ दे ना, हेतू तर चांगला आहे', असं कुणी म्हणेल. पण इथे खरंच काहीतरी पणाला लागलेलं आहे. वर सांगितलेल्या केंद्रीय संस्थेचं काम कायद्याने शक्य तितकं कमी करा, असा अध्यक्षीय आदेश १४ मार्च २०२५ रोजी निघाला. पैसा आटण्याची भीती असते तेव्हा मोठे दावे करायचा मोह वाढतो. आणि मोठा दावा उलटतो. एकदा तुम्ही गोष्टवाचनाला औषध म्हणालात की समोरचा औषधासारखा हिशेब मागणार: किती मुलांचं वजन घटलं, किती जणांचा ताण कमी झाला? ते आकडे निघाले नाहीत तर औषध बंद, आणि त्याच्याबरोबर गोष्टही बंद. वास्तविक ग्रंथालयाने गोष्ट वाचून दाखवायला आरोग्याचा दाखला जोडायची गरजच नव्हती.

दुसरी उणीव माझ्या मते याहून गंभीर आहे. अशा कार्यक्रमांचं यश बहुधा उपस्थितीच्या आकड्यात मोजलं जातं. किती आले ते कळतं. कोण आले नाहीत, ते कळत नाही. 'कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे' या वाक्याने तो प्रश्न मिटतो, असं समजलं जातं. अमेरिकेच्या दक्षिणेत ग्रंथालयं आणि उद्यानं दोन्ही वर्णभेदाने वाटलेली होती. १९६१ च्या मार्चमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन इथे टूगलू महाविद्यालयाचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन वाचत बसले, म्हणून त्यांना अटक झाली. मे २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका कृष्णवर्णीय पक्षीनिरीक्षकाने कुत्र्याला पट्टा बांधायला सांगितलं, तर समोरच्या गोऱ्या बाईने थेट पोलिसांना फोन लावला. ज्यांच्या घरात अशा आठवणी आहेत, त्यांना 'या ना, बाग सगळ्यांचीच आहे' एवढं आमंत्रण पुरेल का?

आपल्याला हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, हा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. तरी १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. कागदावरचं खुलेपण आणि पावलांना जाणवणारं खुलेपण ही दोन वेगळी चलं आहेत. मोजायची तर वेगवेगळी मोजावी लागतात.

मग झाडाखालच्या बैठका निरर्थक आहेत का? मुळीच नाही. त्यांचं खरं बळ मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. मार्गारेट कुझेनबाख यांनी २००३ साली 'गो-अलाँग' या क्षेत्रपद्धतीवर लिहिलं: माणसाबरोबर त्याच्या नेहमीच्या जागेतून चालायचं, बघायचं, विचारायचं. खोलीतल्या मुलाखतीत न सुचणाऱ्या गोष्टी चालताना तोंडून निघतात. बागेत चालणाऱ्या ग्रंथपालांच्या हाती नकळत हीच पद्धत आहे. सकाळी अकराला सावली कुठे असते? पिण्याचं पाणी किती लांब? स्वच्छतागृहाला कुलूप आहे का? चाकाची खुर्ची या उतारावरून जाईल का? ही माहिती कुठल्याच शोधनिबंधात मिळत नाही, आणि कार्यक्रम चालतो की पडतो ते बहुतांशी इथेच ठरतं.

फक्त एक माणूस त्या चालण्यात कमी असतो. कर्मचारी कर्मचाऱ्यांबरोबर चालतात. बाबागाडी ढकलणारी आई, काठी टेकत येणारे आजोबा, बागेचा माळी, आणि बागेत कधीच न येणारं शेजारचं कुटुंब यांच्यापैकी कुणी सोबत नसेल, तर ती सहकाऱ्यांची सहल होते, क्षेत्रकार्य होत नाही.

तुमच्यापैकी कुणी ग्रंथालयशास्त्रात किंवा संग्रहालयशास्त्रात पीएच.डी.चा विचार करत असेल, तर इथे एक चांगला, आवाक्यातला विषय पडून आहे. आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं गावोगाव आहेत. सारांशिकेत 'निसर्गाचा आरोग्यावर परिणाम' असं लिहू नका. पहिल्याच सादरीकरणात समिती तुम्हाला अडवेल आणि ते बरोबरच असेल. त्याऐवजी गोष्ट तीच, वाचणारी व्यक्ती तीच, वार आणि वेळ तीच ठेवा. जागा तेवढी बदला: एक आठवडा वाचनालयाच्या खोलीत, पुढचा आठवडा पाराखाली, आणि हा क्रम काही महिने चालू द्या. पहिल्यांदाच आलेली मुलं कुठे जास्त होती? कुठल्या वस्तीतली होती? मुली किती वेळ थांबल्या? नंतर पुस्तक घरी कुणी नेलं? ही सगळी मोजता येणारी चलं आहेत, आणि वाचनालयाच्या नेहमीच्या कामाशी त्यांचा थेट संबंध आहे.

आणि जे आले नाहीत, त्यांच्याकडे वही-पेन घेऊन जा. पाराखाली बसायला कुणाला संकोच वाटतो आणि का, हे पारावर बसून कळणार नाही.