गोदाकाठचा सिंह

कमी सांगा म्हणजे जास्त सुचेल, असा एक समज आजच्या मराठी कथालेखनात घट्ट रुजला आहे. त्यातून दोन तऱ्हेच्या कथा पुढे येतात. एक, नाव-गाव-धंदा काहीच नसलेल्या ‘तो’ आणि ‘ती’ची, जिथे बाहेर पाऊस पडत असतो आणि शेवटी दार उघडं राहतं, दुसरी, वाचकाला कळणार नाही या भीतीने शेवटच्या परिच्छेदात सगळं उलगडून सांगणारी. दोन्ही एकाच गैरसमजातून येतात. ध्वनित अर्थ काटकसरीतून निपजतो, असं दोन्ही धरून चालतात. माझ्या मते तो नेमकेपणातून येतो. वाच्यार्थ जितका ठाम, तितका व्यंग्यार्थ दूर पोचतो. वाच्यार्थच विरविरीत असेल तर हाती उरतं ते धुकं.

याचा पुरावा मराठी मुलखाच्या अगदी मुळाशी आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तली एक माहाराष्ट्री प्राकृत गाथा आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त उदाहरण म्हणून घेतली. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते की आता खुशाल हिंडा. त्या कुत्र्याला गोदाकाठच्या झाडीतल्या सिंहाने आज मारलं. शब्दांत मुभा आहे, अर्थात मनाई. ती झाडी तिची प्रियकराला भेटण्याची जागा, आणि या माणसाच्या येण्याने तिथला एकांत मोडतो. एवढ्याशा गाथेत किती गोष्टी पक्क्या आहेत ते पाहावं: कुत्रा, सिंह, नदी, तिचा काठ, झाडी, ‘आज’. यातला कुत्रा काढला तर सगळंच कोसळतं, कारण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला जाणार नाही हे त्या कुत्र्यावरच उभं आहे. व्यंजनेला काय काय लागतं, याची यादीच मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दिली आहे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाची ढब, प्रसंग, जागा, वेळ. ‘तो’ आणि ‘ती’च्या कथेत नेमकं हेच गाळलेलं असतं.

यावर महिमभट्टाचा आक्षेप आजही बिनतोड वाटू शकेल. ‘व्यक्तिविवेका’त तो म्हणतो की व्यंजना नावाची वेगळी शक्ती मानायची गरजच नाही, धुरावरून आग ओळखावी तसा वाचक अनुमान करतो. मग तपशिलाचा माझा आग्रह त्याच्याच पारड्यात पडतो, असं कुणी म्हणेल. पण मम्मटाने याच गाथेवरून दिलेलं उत्तर मला पटतं. भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रेमापोटी भीतीच्या जागी जातो. शिवाय तिथे सिंह आहे याला आधार काय, तर त्या बाईचा शब्द. इतक्या डळमळीत हेतूवरून अनुमान सिद्ध होत नाही, तरी अर्थ लख्ख पोचतो. लेखकाने हा मुद्दा जपून ठेवावा असा आहे. सिंह नसेलही; पण तिने तो खऱ्यासारखा उभा केला, आणि तो उभा करण्यातली तिची निकड आपल्याला ऐकू येते.

विसाव्या शतकात हे भान मला सर्वांत पक्कं दिसतं ते नाटकात. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (1985) विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्याची पडझड पात्रं बोलूनही दाखवतात. तिथे काही लपवलेलं नाही. पण अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरवर कुणी भाष्य करत बसत नाही. तो अडगळ आहे, वाटेत येतो, एवढंच. नवं जग दारात आणलं आणि ते चालवता आलं नाही, ही घराण्याची शोकांतिका त्या लोखंडात आहे, कारण आधी तो खराखुरा ट्रॅक्टर आहे. प्रतीक म्हणून आणला असता तर एका प्रवेशात संपला असता.

सर्वांत गंभीर आक्षेप दलित साहित्याच्या बाजूने येतो: ज्याला शतकानुशतकं बोलू दिलं नाही, त्याने सुचवत का बसावं? सूचकता ही निवांत माणसांची चैन आहे. या प्रश्नातला संताप खरा आहे, आणि सौंदर्यवादी समीक्षेने तो कमावलेला आहे. तरीही बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या नावातलं एकच क्रियापद पाहावं. वाक्य सरळ कबुलीजबाबाचं. पण चोरी म्हटली की मालक आला, फिर्यादी आला, शिक्षा आली. रोखठोक बोलणं आणि ध्वनी इथे एकाच शब्दात नांदतात. आणि चैनीचं म्हणाल तर, हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांमागे निवांतपणा कुठला? पहाटे दळणाऱ्या बाईला सासरचं दुःख सासरच्याच घरात गायचं होतं. गाथेतल्या स्त्रीचीही अडचण तीच. सुचवणं हे आधी अशांचं हत्यार होतं.

राहिला प्रश्न आजच्या वाचकाचा. गाव, बोली, रीतीभाती सामायिक उरल्या नाहीत, मग सुचवलेलं कळणार कुणाला, ही तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते आणि सगळं समजावून सांगणाऱ्या लेखनाला ती सोयीचीही आहे. पण आनंदवर्धन काश्मीरचा, गाथा गोदावरीच्या मुलखातली. त्याला ती कळली, कारण त्या धार्मिक माणसाला कुत्र्याची धास्ती होती हे समजायला लागतं तेवढं सगळं गाथेतच ठेवलेलं होतं.