न दिसलेला समुद्र

जपानमधल्या नारा शहरात तोशोदाइजी नावाचा बौद्ध मठ आहे आणि त्या मठात एक समुद्र आहे. तो फ्रेममध्ये टांगलेला नाही. तो फुसुमांवर, म्हणजे जपानी घरातल्या सरकत्या दारांवर रंगवलेला आहे. हिगाशियामा काई (१९०८–१९९९) यांनी १९७५ मध्ये मठातल्या मिएइदो या वास्तूसाठी तो रंगवला. नाव ठेवलं 'तोसेई', म्हणजे लाटांचा आवाज.

चित्राला आवाजाचं नाव का? याच वास्तूत गांजिन या चिनी भिक्षूंची आठव्या शतकातली मूर्ती आहे. जपानला येण्याचे त्यांचे पाच प्रयत्न फसले. सहाव्या खेपेला, ७५३ मध्ये, ते पोहोचले. तोवर त्यांची दृष्टी गेली होती, असं परंपरा सांगते. मूर्तीचे डोळेही मिटलेले आहेत. अशा माणसासमोर समुद्र रंगवायचा तर काय रंगवायचं?

हिगाशियामांनी जवळपास सगळंच काढून टाकलं. होडी नाही, माणूस नाही, सूर्य नाही. उरतो निळसर हिरवा विस्तार आणि लाटांच्या पांढऱ्या रेघा. बाकीचं काम घर करतं. दारांच्या उभ्या चौकटी समुद्राचे समान तुकडे पाडतात, जसा तालात सम आणि काल. ततामीच्या चटईवर बसलं की नजर खाली येते आणि पाणी डोळ्यांच्या पातळीला. दार सरकवलं की एक लाट दुसरीच्या मागे जाते. म्हणून इथे कुठलीच लाट 'मुख्य' असून चालत नाही. एका दारापुरतं पाहिलं, तर हे चित्र अमूर्ताच्या अगदी दाराशी उभं आहे.

मग खडक कशाला? माझी तक्रार हीच होती. खडक आला की जागा ओळखीची होते, चित्र निसर्गदृश्याकडे झुकतं. आपल्या वासुदेव गायतोंडे यांच्यावरही झेन विचाराचा प्रभाव होता, पण त्यांच्या परिपक्व कॅनव्हासवर असा खडक टिकला नसता. मोबाइलवर पाहताना तर ही तक्रार आणखी पटते. सगळी दारं मिळून एक लांबट पट्टी दिसते, वॉलपेपरसारखी सुंदर आणि मुकी.

पण नावाकडे परत आलो आणि तक्रार ढासळली. भर समुद्रातली लाट फारशी बोलत नाही. ती बोलते आपटल्यावर. खडक नसता तर चित्र अधिक शुद्ध झालं असतं, पण त्यात आवाज उरला नसता. आणि ज्यांच्यासाठी ते रंगवलं, त्यांच्यापर्यंत समुद्र पोहोचण्याची वाट आवाजाचीच होती.

अमूर्तता म्हणजे किती वगळलं याची मोजदाद नव्हे. कोणासाठी काय ठेवलं, हेही पाहावं लागतं. हिगाशियामांनी खडक ठेवला तो डोळ्यांसाठी नाही, कानांसाठी.