प्रेमाला फाइल वाचता येते

भाऊबीज उलटली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे या जंगलपट्ट्याचं, नाटक रंगतं. लाखांदूरकडून वैनगंगा ओलांडली की वडसा. तिथल्या मंडळ्यांची नाटकं बघायला माणसं चादरी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. यातल्या पुष्कळ नाटकांत गरीब घरच्या पोरीचं प्रेम आणि सावकारानं हडपलेली जमीन एकाच दाव्याला बांधलेली असतात. लग्न अडतं ते जमिनीपायी, आणि खोटा कागद उघडा पडतो तो प्रेमापायी.

मराठी राजकीय चित्रपटाला ही गाठ मारता आलेली नाही.

त्याची पुण्याई आजही जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांच्या दोन चित्रपटांवर उभी आहे. १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेल्या ‘सामना’त साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव (निळू फुले) आणि दारूत बुडालेले मास्तर (श्रीराम लागू) समोरासमोर येतात. मारुती कांबळे हे एक नाव मास्तरांच्या कानावर पडतं आणि मग ते त्याचा पिच्छा सोडत नाहीत. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेल्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) पत्रकार दिगू टिपणीसला सगळं कळतं आणि कळण्याच्या ओझ्यानंच तो कोसळतो. दोन्ही चित्रपट थोर आहेत. पण त्यांतली माणसं विवेकापायी किंवा सत्तेपायी हलतात. प्रेमापायी कुणी जिवावर उदार होत नाही. पुढे वाळूच्या धंद्यावर ‘रेती’ (२०१६) आला, जमिनीच्या व्यवहारावर ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८). ‘मुळशी पॅटर्न’मध्ये प्रेम आहे, मात्र गोष्ट त्याच्यावाचून अडत नाही.

आपला खलनायकही ओळखीचाच राहिला: साखरसम्राट, आमदार, दलाल. तो समोर येऊन बोलतो. कंपनी बोलत नाही. तिचा गुन्हा निविदेत, करारात, चाचणीच्या अहवालात दडलेला असतो आणि असले रुक्ष कागद रात्र रात्र जागून वाचायला कुणाकडे तरी तसंच कारण लागतं.

जॉन ल कारेच्या कादंबरीवरून फर्नांडो मेरेलिसनं केलेल्या ‘द कॉन्स्टंट गार्डनर’नं (२००५) ते कारण प्रेमात शोधलं. केनियातला ब्रिटिश अधिकारी जस्टिन रोपांची निगा राखत असताना सहकारी येऊन सांगतो, की तुझ्या बायकोचं, टेसाचं, बहुधा काही बरंवाईट झालं आहे. जस्टिन ओरडत नाही, रडत नाही. ही बातमी सांगणं तुला जड गेलं असेल, म्हणून तो सहकाऱ्याचेच आभार मानतो. नंतर तो टेसाचे कागद उलगडू लागतो. क्षयाच्या औषधाची गरीब रुग्णांवर चाललेली चाचणी त्याला कळत जाते आणि त्याच पानांतून बायकोही कळत जाते. तपास आणि प्रेम इथे वेगळे काढताच येत नाहीत.

हिंदीत दिबाकर बॅनर्जींचा ‘शांघाय’ (२०१२) या वाटेनं गेला. बिझनेस पार्कला विरोध करणाऱ्या डॉ. अहमदींवर वाहन घातलं जातं आणि त्यांच्यावर जीव असलेली शालिनी हटून बसते. अमित मसुरकरांची ‘शेरनी’ (२०२१) तर झाडीपट्टीच्या हाकेवरच्या जंगलात, शेजारच्या बालाघाटात चित्रित झाली. वाघिणीच्या वाटेत तांब्याची खाण आहे हे त्यात हळूहळू उमगतं. पण वनाधिकारी विद्याचा नवरा मुंबईत, बराच वेळ फोनच्या पडद्यावर. नोकरी सोडू नकोस एवढंच सांगणारा. चित्रपट प्रामाणिक आहे, तरी प्रेमाची ही जागा वाया गेल्याची चुटपुट लागून राहते.

आणि भंडाऱ्यात सामग्रीची वाण नाही. पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. कंत्राटांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं गुन्हे नोंदवले. गावं उठली, आणि नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी जलाशयात येत राहिलं. या साऱ्यात निविदेच्या फाइलवर सही करणारा कनिष्ठ अभियंता असेल, बुडालेल्या गावातली एखादी पोर असेल, तिच्या बापाच्या मोबदल्याचा कागद असेल. पटकथाकारानं मंडईचा एक हंगाम लाखांदूर-वडशाला काढावा. त्या अभियंत्याला आणि पोरीला एका कागदापाशी कसं आणायचं, हे तिथल्या नाटककारांना ठाऊक आहे.