खंडणीचा हिशेब

स्पाइक ली यांच्या 'हायेस्ट टू लोएस्ट'मध्ये (२०२५) डेन्झेल वॉशिंग्टन अखेर स्वतःच अपहरणकर्त्याचा माग काढत निघतो, आणि तिथे चित्रपटातली हवा जाते. नायक उठला म्हणजे तो जिंकणार. मग प्रेक्षकानं श्वास रोखायचा कशासाठी?

ज्या चित्रपटावरून तो बेतला, त्या कुरोसावांच्या 'हाय अँड लो'त (१९६३) नायक गोंडो कुणाचाही पाठलाग करत नाही. बुटांच्या कंपनीवर ताबा मिळवायला त्यानं घरदार गहाण टाकलंय, तोच तीन कोटी येनांची मागणी येते. पळवलाय मात्र त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा. पैसे द्यावेत तर दिवाळं, न द्यावेत तर त्या ड्रायव्हरकडे बघायचं कसं? जवळजवळ तासभर कॅमेरा दिवाणखाना सोडत नाही. खालच्या वस्तीतून कुणीतरी बघतंय म्हणून पोलीस जमिनीवरून सरपटतात, पडदे ओढले जातात, टेपरेकॉर्डर फिरत राहतो. ड्रायव्हर कोपऱ्यात मान खाली घालून उभा. कोण कुठे उभा आहे आणि कोण कुणाची नजर चुकवतो, एवढ्यावर हा तास पेलला आहे.

मग आगगाडी. डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत. स्वच्छतागृहाची तेवढी सात सेंटिमीटर उघडते, आणि पैशांच्या बॅगा सात सेंटिमीटरच्या आतल्याच हव्यात, ही अट का घातली होती ते तेव्हा कळतं. एका मोजमापानं एवढा घाम फोडलेला दुसरा प्रसंग सापडणं कठीण. शिवाय मुलगा चित्रपटाच्या मध्यावरच सुखरूप परततो! पुढे उरतो तो पोलिसांचा चिकट, पायपिटीचा तपास. फोनच्या ध्वनिमुद्रणात मागे ऐकू येणारा आवाज कुठल्या ट्रामचा, हे एक रेल्वे कर्मचारी ओळखतो. तरीही पकड सुटत नाही.

'टेकन'नं (२००८) मात्र बापाच्या हाती बंदूक दिली आणि अपहरण हे मारामारीचं निमित्त होऊन बसलं. आपल्याकडचा 'जज़्बा' नुसता आरडाओरडा.

अपवाद अनुराग कश्यपच्या 'अग्ली'चा. मुलगी बेपत्ता, बाप पोलीस ठाण्यात, आणि गिरीश कुलकर्णींचा इन्स्पेक्टर जाधव विचारतोय, फोन आला की स्क्रीनवर फोटो येतो कसा? प्रसंग लांबत जातो, हसू येतं, हसल्याची लाज वाटते. बाहेर वेळ निघून चाललेला असतो. इथे अडथळा खलनायकाचा नाही, टेबलापलीकडच्या माणसाच्या फुरसतीचा आहे. मुंबईत ठाण्याची पायरी चढलेल्या कुणालाही तो परका वाटणार नाही. पुढे ओळखीतलीच माणसं त्या मुलीच्या नावावर पैसे उकळायला बघतात. कुरोसावांचा प्रश्नच कश्यप उलटा करून विचारतो: पोटच्या पोरीची किंमत कोण किती लावतं?

प्रेक्षकाला नायकाचा विजय हवा असतो, असा निर्मात्यांचा युक्तिवाद असतो. तो खोटा आहे. जॉर्ज स्लुइझर यांनी १९८८चा आपलाच 'द व्हॅनिशिंग' १९९३ साली हॉलिवूडसाठी पुन्हा केला, शेवट गोड करून. आजही नाव घेतलं जातं ते पहिल्याचंच. मराठीत अपहरणपट करू पाहणाऱ्यांनी ड्रोनचं भाडं आणि ढोलताशांचं पार्श्वसंगीत वाचवावं, तो पैसा पटकथेवर खर्च करावा, आणि चित्रीकरणाआधी जाधवचा तो प्रसंग सगळ्या चमूला बसवून दाखवावा.